दहा दिवस कोणाच्या हुकमानं गाळायचे? सोळाव्या शतकातलं युरोपचं कॅलेंडरचं भांडण

कॅलेंडर चुकलंय, हे सगळ्यांनाच मान्य होतं. हे आधी सांगून ठेवायला हवं, कारण १५८२ साली पोपनं कॅलेंडरमधून दहा दिवस गाळायचा हुकूम काढल्यावर युरोपात पेटलेल्या या भांडणाकडे आपण सहसा ‘विज्ञान विरुद्ध धर्म’ या साच्यातून बघतो आणि मग त्यातलं काहीच नीट लागत नाही. इथे गणित बरोबर होतं ते पोपचं. त्याला नकार देणाऱ्यांत त्या काळातले काही उत्तम गणिती होते. ग्रहांच्या गतीचे नियम शोधणाऱ्या केप्लरचा गुरू मिखाएल मेस्टलिन विरोधात होता, तर स्वतः केप्लर पक्का प्रोटेस्टंट असूनही बाजूनं होता. मग भांडण होतं तरी कशाचं? आज कोणती तारीख आहे हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, याचं. माझ्या मते सोळाव्या शतकातला युरोप समजून घ्यायला याच्याइतकं चांगलं प्रकरण दुसरं नाही. धर्म, विद्वत्ता आणि राजकारण यांची गाठ इथे अशी बसली आहे की एक धागा ओढला की बाकीचे दोन हलतात.

आधी चूक काय होती ते पाहू. ज्युलियस सीझरनं इ. स. पू. ४६ मध्ये रोमच्या कॅलेंडरची फेररचना केली. वर्ष ३६५ दिवसांचं आणि दर चौथ्या वर्षी एक दिवस जास्त, म्हणजे सरासरी ३६५ दिवस आणि ६ तास. पण ऋतूंचं खरं चक्र पूर्ण व्हायला लागतात ३६५ दिवस, ५ तास आणि सुमारे ४९ मिनिटं. फरक फक्त ११ मिनिटांचा. रोज काही सेकंद मागे पडणाऱ्या घड्याळाकडे आपण दुर्लक्ष करतो आणि एक दिवस गाडी चुकते, तसंच इथे झालं. ११-११ मिनिटं साठून सुमारे १२८ वर्षांत एक अख्खा दिवस होतो. बारा-तेराशे वर्षांत दहा दिवस.

शेतकऱ्याला या दहा दिवसांनी काही फरक पडत नव्हता. तो आभाळाकडे बघून पेरायचा. फरक पडत होता चर्चला, आणि त्याचं कारण ईस्टर. ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा हा सण ठरावीक तारखेला येत नाही. वसंत संपाताच्या दिवशी किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल, तिच्या नंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. वसंत संपात म्हणजे दिवस आणि रात्र सारखे होण्याचा मार्चमधला दिवस. इ. स. ३२५ मध्ये निकेआ इथे मोठी धर्मसभा भरली. त्या काळात संपात २१ मार्चच्या आसपास येत होता, आणि पुढे चर्चनं हीच तारीख हिशेबासाठी कायमची धरली. दरम्यान खरा संपात मागे सरकत सोळाव्या शतकात ११ मार्चच्या आसपास येऊन पोहोचला. आता एखादी पौर्णिमा १५ मार्चला आली तर आकाशाच्या हिशेबानं ती ईस्टरची पौर्णिमा, पण चर्चच्या तक्त्यात २१ मार्च अजून उजाडलेलाच नाही. मग पुढच्या पौर्णिमेची वाट पाहायची, आणि सण महिनाभर पुढे. ईस्टर सरकला की त्याच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवास, नंतरचा स्वर्गारोहणाचा दिवस, पेंटेकॉस्ट हे सगळंच सरकतं. अर्धं धार्मिक वर्ष एका तारखेवर टांगलेलं.

चंद्राचा हिशेबही बिघडला होता. १९ सौर वर्षांत २३५ चांद्रमास बसतात, हे जुनं सूत्र. आपल्या पंचांगात १९ वर्षांत सात अधिक मास येतात, त्यामागचं गणित हेच आहे. पण ते सूत्र तंतोतंत नाही. सुमारे तीनशे वर्षांत त्यात एक दिवसाची चूक पडते. त्यामुळे चर्चच्या तक्त्यातली पौर्णिमा आणि आकाशातली पौर्णिमा यांत तीन-चार दिवसांचं अंतर पडलं होतं. हे समजायला विद्वान असण्याची गरज नव्हती. पुस्तकात पौर्णिमा, आणि वर बघावं तर चंद्र केव्हाच झिजायला लागलेला.

तक्रारी जुन्याच होत्या. इंग्लंडचा फ्रान्सिस्कन साधू रॉजर बेकन यानं १२६७ मध्येच पोपला लिहून कळवलं होतं. १४७५ मध्ये पोप सिक्स्टस चौथा यानं जर्मन खगोलज्ञ रेजिओमोंटानुस याला याच कामासाठी रोमला बोलावलं, पण पुढच्याच वर्षी तो वारला. १५१४ मध्ये पोप लिओ दहावा यानं राजांकडून आणि विद्यापीठांकडून मतं मागवली. ज्यांना या कामात विचारणा झाली त्यांत, पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं पुढे मांडणारा, निकोलस कोपर्निकस होता. तीस वर्षांनी, १५४३ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत त्यानं ती आठवण दिली आहे: सूर्याच्या आणि चंद्राच्या गती पुरेशा अचूक मोजलेल्या नाहीत म्हणून तेव्हा निर्णय झाला नाही, आणि मग मी त्याच मोजणीकडे लक्ष वळवलं. कॅलेंडरची ही चर्च-कचेरीतली अडचण आधुनिक खगोलशास्त्राच्या मुळाशी अशी जाऊन भिडते.

लिओच्या काळात काम झालं असतं तर गोष्ट कदाचित तिथेच संपली असती. पश्चिम युरोपात तेव्हा एकच चर्च होतं. पण १५१७ मध्ये मार्टिन लूथरनं आपले आक्षेप जाहीर केले आणि पुढच्या काही दशकांत अर्धा जर्मनी, इंग्लंड, स्कँडिनेव्हिया आणि स्वित्झर्लंडचा मोठा भाग रोमपासून तुटला. हे तुटलेले ते प्रोटेस्टंट, रोमसोबत राहिलेले ते कॅथलिक. खुद्द लूथरनं १५३९ मध्ये ईस्टरच्या तारखेवर लिहिलं आहे. चूक त्यालाही मान्य होती. पण ती सुधारायचीच असेल तर ते काम सम्राटानं (म्हणजे जर्मन राज्यांवरच्या पवित्र रोमन सम्राटानं) आणि राजांनी मिळून, सगळीकडे एकाच वेळी करावं, असं त्याचं म्हणणं होतं. तारीख ही लौकिक बाब आहे, तिथे पोपचं काम नाही. पुढचं सगळं भांडण या एका वाक्यात आधीच मांडून झालं आहे.

कॅथलिक चर्चनं ट्रेंट इथे १५४५ ते १५६३ अशी, मध्ये खंड पडत पडत, धर्मसभा भरवली आणि स्वतःची डागडुजी केली. प्रार्थनापुस्तकं सुधारण्याचं काम सभेनं पोपवर सोपवलं, आणि त्या ओघात कॅलेंडरही पोपच्या हातात आलं. १५७२ मध्ये ग्रेगरी तेरावा पोप झाला. बोलोन्याचा हा माणूस मूळचा कायद्याचा प्राध्यापक. त्यानं नेमलेल्या मंडळाची यादी वाचण्यासारखी आहे. कार्डिनल सिर्लेतो अध्यक्ष. जेजुइट या कॅथलिक संघाच्या रोममधल्या महाविद्यालयातला गणिताचा अध्यापक क्रिस्टोफर क्लाव्हियस, जन्मानं बाम्बेर्गचा जर्मन. डोमिनिकन साधू इन्यात्सिओ दांती. आणि त्यांच्यासोबत अंत्युखियाच्या सिरियन चर्चचा प्रमुख (पॅट्रिआर्क) इग्नातियस नेमतल्ला. हा आपल्या देशातून परागंदा होऊन रोमला आलेला होता, आणि पूर्वेकडची कालगणनेची परंपरा जाणत होता. अरबी जाणणारा एक दुभाषाही मंडळात होता. ज्यांना सोळाव्या शतकातलं रोम म्हणजे केवळ बंद दारं वाटतात, त्यांनी या खोलीत डोकावून बघावं.

मूळ तोडगा मात्र यांच्यापैकी कोणाचाच नव्हता. तो होता दक्षिण इटलीतल्या कालाब्रियातल्या अलोइसियस लिलियस नावाच्या वैद्याचा. तो १५७६ मध्ये वारला, आणि त्याची योजना मंडळापुढे आली ती भाऊ अंतोनियो याच्यामार्फत. लिलियसचं मूळ हस्तलिखित आज उपलब्ध नाही. मंडळानं १५७७ मध्ये त्याचा छोटा सारांश छापून पुढच्या वर्षी राजांना आणि विद्यापीठांना अभिप्रायासाठी पाठवला, तेवढाच काय तो शिल्लक आहे. ज्या माणसाच्या हिशेबावर आज सगळं जग तारखा लिहितं, त्याचं नाव कोणाच्या ओठावर नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

त्याच्या योजनेची खुबी तिच्या साधेपणात आहे. दर चौथं वर्ष लीप धरायचं हे तसंच ठेवायचं, पण शतकाची वर्षं त्यातून वगळायची. १७००, १८००, १९०० ही लीप नाहीत. ज्या शतकवर्षाला ४०० नं पूर्ण भाग जातो तेवढं लीप, म्हणून १६०० आणि २००० लीप. चारशे वर्षांत शंभराऐवजी ९७ लीप दिवस. वर्षाची सरासरी झाली ३६५ दिवस, ५ तास, ४९ मिनिटं, १२ सेकंद. आजच्या मोजणीशी तुलना केली तर चूक वर्षाला अर्ध्या मिनिटाहून कमी. चंद्रासाठी त्यानं दुसरी युक्ती काढली: १ जानेवारीला अमावास्या होऊन किती दिवस झालेत, त्या आकड्यावरून वर्षभराच्या पौर्णिमा काढायच्या, आणि तो आकडा ठरलेल्या शतकांत एकेकानं दुरुस्त करायचा. यासाठी ना दुर्बीण लागते, ना सूर्य फिरतो की पृथ्वी हा वाद सोडवावा लागतो. क्लाव्हियस आयुष्यभर पृथ्वी स्थिर मानत राहिला, तरी कोपर्निकसच्या पद्धतीनं तयार झालेल्या तक्त्यांतली वर्षाची लांबी या नियमाशी जुळते हे त्याला ठाऊक होतं. खेड्यातल्या पाद्र्याला कागदावर हिशेब करता आला पाहिजे, ही मंडळाची कसोटी होती.

साचलेली चूकही काढायची होती. दांतीनं चर्चच्या इमारतींचाच वेधशाळेसारखा उपयोग केला. भिंतीत वर एक छिद्र, त्यातून येणारा सूर्याचा कवडसा, आणि तो भर दुपारी जिथून जातो तिथे फरशीवर आखलेली रेघ. फ्लोरेन्समध्ये आणि बोलोन्याच्या सान पेत्रोनियो चर्चमध्ये त्यानं असे वेध घेण्याची सोय केली होती. संपात दहा दिवस आधी येतो हे तिथे डोळ्यांनी दिसत होतं.

२४ फेब्रुवारी १५८२ या तारखेचं पोपचं आज्ञापत्र निघालं. गुरुवार ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी शुक्रवार १५ ऑक्टोबर. वारांची साखळी तोडली नाही, फक्त तारखा गाळल्या. ऑक्टोबर निवडला कारण त्या दिवसांत महत्त्वाचे सण कमी होते. ४ तारखेचा संत फ्रान्सिसचा दिवस पार पडला की उडी. ग्रेगरीतला कायदेपंडित इथे दिसतो: कर्ज, भाडं, व्याज यांच्या मुदती दहा दिवसांनी पुढे ढकलाव्यात, कोणाचं नुकसान होऊ देऊ नये, असं त्याच आज्ञापत्रात न्यायाधीशांना बजावलेलं आहे. स्पेनमधली थोर संत तेरेसा आल्बा दे तोर्मेस इथे ४ ऑक्टोबरच्या रात्री वारली आणि दुसऱ्या दिवशी तिचं दफन झालं, तेव्हा तारीख होती १५ ऑक्टोबर. तिचा सण आजही १५ तारखेलाच असतो.

इटली, स्पेन, पोर्तुगाल आणि पोलंड यांनी ठरलेल्या दिवशी बदल केला. फ्रान्सला तयारीला वेळ लागला. तिथे ९ डिसेंबरनंतर २० डिसेंबर आला. निबंधकार माँतेन यानं पुढे लिहून ठेवलं आहे की शेजाऱ्यांना पेरणी-कापणीत, सौद्यांत, शुभ-अशुभ दिवसांत काही फरक जाणवला नाही. नेदरलँड्समध्ये स्पेनविरुद्ध बंड करून उठलेले हॉलंड आणि झीलंड हे प्रोटेस्टंट प्रांत फ्रेंच राजपुत्र आंजू याच्या आश्रयाला होते, त्यांनीही नवं कॅलेंडर घेतलं. त्यांच्याच शेजारचे, त्यांच्याच बाजूनं लढणारे उत्रेख्त आणि फ्रीसलंड मात्र १७०० पर्यंत जुन्यावर राहिले. ‘कॅथलिक होते ते बदलले, प्रोटेस्टंट होते ते नाही’ ही सोपी फाळणी इथे मोडते.

तरी बहुतेक प्रोटेस्टंट राज्यांनी नाही म्हटलं. त्यांना हट्टी म्हणून मोडीत काढणं सोपं आहे, आणि मला ते अन्यायाचं वाटतं. त्यांच्या जागी उभं राहून पाहा. ऑगस्ट १५७२ मध्ये पॅरिसमध्ये संत बार्थोलोम्यूच्या दिवशी प्रोटेस्टंटांची कत्तल सुरू झाली आणि ती फ्रान्सभर पसरली. हजारो माणसं मारली गेली. बातमी रोमला पोहोचल्यावर आभाराची प्रार्थना झाली आणि स्मरणार्थ पदक पाडलं गेलं. तेव्हा पोप होता हाच ग्रेगरी तेरावा. त्याच्या आधीच्या पोपनं १५७० मध्ये इंग्लंडच्या राणी एलिझाबेथला धर्मबहिष्कृत करून तिच्या प्रजेला निष्ठेतून मुक्त केलं होतं. आता त्याच गादीवरून आज्ञापत्र येतं, आणि त्यात सम्राटाला आणि राजांना विनंती असली तरी सोबत आज्ञाही आहे. आज तारीख मान्य केली तर उद्या काय मान्य करायला लावतील, हा प्रश्न त्यांना पडला नसता तरच नवल.

ट्यूबिंगेनचा धर्मपंडित याकोब हेअरब्रांट यानं हेच धर्माच्या भाषेत मांडलं. त्याच्या लेखी पोप हा ख्रिस्तविरोधक, आणि त्याचं कॅलेंडर म्हणजे खऱ्या चर्चमध्ये शिरण्याची वाट. मेस्टलिनचे आक्षेप मात्र गणिती होते. लिलियसची पौर्णिमा सरासरीवर बसवलेली असल्यामुळे आकाशातल्या खऱ्या पौर्णिमेपेक्षा ती एखाद्या दिवसानं चुकू शकते, हे त्याचं म्हणणं बरोबर आहे. क्लाव्हियसचं उत्तर असं की ते आम्ही जाणूनबुजून केलंय. सगळ्यांना सारखी काढता येणारी तारीख हवी असेल तर सरासरीच धरावी लागते. मला दोघांचंही पटतं, म्हणूनच हा वाद गणितानं मिटणारा नव्हता.

जर्मनीत या वादानं रस्त्यावर माणसं आणली. १५५५ च्या आउग्सबुर्ग तहानं ज्याचं राज्य त्याचा धर्म हे ठरलं होतं, पण काही शहरांत दोन्ही पंथ एकत्र नांदत. आउग्सबुर्ग हे त्यांतलं एक. लोकसंख्येत लूथरपंथी जास्त, नगरपरिषदेत कॅथलिक सरदारांचा वरचष्मा. परिषदेनं १५८३ मध्ये नवं कॅलेंडर स्वीकारलं. कारण व्यवहाराचं दिलं: भोवताली बव्हेरिया आणि बिशपचा मुलूख, ते नव्या तारखांनी चालणार, मग बाजार कोणत्या दिवशी भरवायचा? लूथरपंथी साम्राज्याच्या न्यायालयात गेले आणि हरले. पाद्री गेओर्ग म्युलर आपल्या लोकांना जुन्या तारखेनंच सण पाळायला सांगत राहिला. जून १५८४ मध्ये परिषदेनं त्याला शहराबाहेर काढायचं ठरवलं. त्याला नेणारी गाडी लोकांनी अडवली, त्याला सोडवलं, आणि हत्यारं घेऊन जमाव नगरभवनापुढे जमला. मोठा रक्तपात टळला आणि म्युलर उल्मला निसटला, पण शहर पुढची कित्येक वर्षं दुभंगलेलं राहिलं. पाद्री नेमण्याचा हक्क कोणाचा, हा मूळचा झगडा कॅलेंडरच्या निमित्तानं उघड्यावर आला होता. त्याच वर्षी बाल्टिक किनाऱ्यावरच्या रिगा शहरातही, पोलंडच्या कॅथलिक राजाच्या अमलाखाली, कॅलेंडरवरून दंगा झाला.

इंग्लंडमधली गोष्ट जवळजवळ उलट घडली. तिथे सरकार तयार होतं. एलिझाबेथच्या मंत्र्यांनी गणिती जॉन डी याचं मत मागवलं. डीनं हिशेब केला आणि सांगितलं की निकेआपासून मोजायचं कारण काय, ख्रिस्ताच्या जन्मापासून मोजा, म्हणजे ११ दिवस गाळावे लागतील. पण शेजारच्या देशांशी मेळ राहावा म्हणून १० दिवसही चालतील. ते सगळे एकदम न गाळता मे ते ऑगस्टमधून थोडे थोडे काढावेत, म्हणजे सण विस्कटणार नाहीत, अशी त्याची सूचना होती. इतर गणितज्ञांनी तपासून होकार दिला. मग विषय बिशपांकडे गेला आणि अडला. ज्या पोपशी आमचा संबंध नाही त्याच्या मागे आम्ही जाणार नाही, आणि करायचंच असेल तर आधी युरोपातल्या इतर सुधारित चर्चना विचारा, असं त्यांचं म्हणणं. पुढे संसदेत विधेयक आलं, तेही मागे पडलं. विद्वानांनी होकार दिलेलं, राणीच्या मंत्र्यांना हवं असलेलं काम बिशपांनी थांबवलं, आणि ते पावणेदोनशे वर्षं थांबून राहिलं.

विद्वानांत आणखी दोघांची नावं घ्यायला हवीत. फ्रेंच प्रोटेस्टंट जोसेफ स्कॅलिजर यानं १५८३ मध्ये जगातल्या साऱ्या प्राचीन कालगणना एकमेकींशी ताडून पाहणारा ग्रंथ काढला. त्यानं कल्पिलेल्या, इ. स. पू. ४७१३ पासून सुरू होणाऱ्या कालखंडावर खगोलशास्त्रज्ञ अजूनही दिवस मोजतात. क्लाव्हियसशी त्याचं कधीच पटलं नाही. दुसरा फ्रान्स्वा व्हिएत, बीजगणिताचा मोठा माणूस, कॅथलिक देशातला, तरी त्यानंही क्लाव्हियसवर तोफ डागली. क्लाव्हियसनं या साऱ्यांना उत्तरं देत देत १६०३ मध्ये एक जाडजूड ग्रंथ छापला. आणि केप्लर? १५९४ मध्ये तो ट्यूबिंगेनहून ऑस्ट्रियातल्या ग्राझला गणित शिकवायला गेला. जुन्या कॅलेंडरच्या मुलखातून नव्यात जाताना त्याचे दहा दिवस प्रवासातच गळले. ईस्टर हा सण आहे, ग्रह नव्हे, तो मिनिट-सेकंदांत मोजायची गरज नाही, अशा आशयाचं त्यानं पुढे लिहिलं. १६१३ मध्ये सम्राटासोबत रेगेन्सबुर्गच्या सभेत जाऊन त्यानं प्रोटेस्टंट राजांना समजावण्याचा प्रयत्न केला. कोणी ऐकलं नाही.

मग लोक दोन तारखांत जगायला शिकले. पत्रावर वर-खाली दोन आकडे लिहायचे, ४/१४ मे असे. १५८८ मधली स्पॅनिश आरमाराशी झालेली ग्रावलाइनची लढाई इंग्रजांच्या नोंदीत २९ जुलैची, स्पेनच्या नोंदीत ८ ऑगस्टची. २३ एप्रिल १६१६ ही शेक्सपिअरच्या मृत्यूची तारीख आणि सर्व्हान्तेसशी जोडलेली तारीख एकच दिसते, आणि २३ एप्रिलला आपण जागतिक पुस्तक दिन साजरा करतो. प्रत्यक्षात त्या दोन दिवसांत दहा दिवसांचं अंतर होतं.

या भांडणाचा एक पदर गोव्यापर्यंत येतो. स्पेनचा राजा फेलिपे दुसरा तेव्हा पोर्तुगालचाही राजा झालेला होता, त्यामुळे आज्ञापत्र गोव्यालाही लागू होतं. समुद्रापलीकडच्या मुलखांत बातमी जहाजानंच जाणार, म्हणून तिथे बदल १५८३ मध्ये आणि त्यानंतर झाला. क्लाव्हियसचा विद्यार्थी मात्तेओ रिची १५७८ ते १५८२ या काळात गोवा आणि कोचीनमध्ये होता. तिथून तो चीनला गेला. आणि ज्यांनी पुढे मराठीत ख्रिस्तपुराण रचलं ते फादर थॉमस स्टीफन्स १५७९ पासून गोव्यात होते. ते जन्मानं इंग्रज, धर्मानं कॅथलिक, आणि मायदेश प्रोटेस्टंट. गोव्यानं नवं कॅलेंडर घेतल्यावर त्यांचं वर्ष आणि त्यांच्या घरच्यांचं वर्ष दहा दिवसांनी वेगळं झालं.

जर्मनीतले प्रोटेस्टंट १७०० मध्ये वळले. शतकवर्ष आल्यानं अंतर दहाचं अकरा दिवस होणार होतं, तेव्हा त्यांनी दिवस गाळले, पण ईस्टर काढायला पोपचे तक्ते न वापरता केप्लरचे वापरले. त्यामुळे १७२४ आणि १७४४ मध्ये दोन पंथांचे ईस्टर पुन्हा वेगळे पडले. ब्रिटननं १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आणला. रशियाला १९१८ उजाडावं लागलं.

ब्रिटनचा तो कायदा आशियातल्या मुलखालाही लागू होता, म्हणजे मुंबईलाही. मराठ्यांचा इतिहास वाचताना याचा रोजचा उपयोग आहे. फाल्गुन वद्य ३, शके १५५१, शुक्रवार ही शिवाजी महाराजांची जन्मतिथी. ज्या १९ फेब्रुवारी १६३० ला आपण शिवजयंती साजरी करतो, ती त्या तिथीची जुन्या कॅलेंडरची तारीख आहे. नव्यानं ती १ मार्च १६३० होते. म्हणून १९ फेब्रुवारीचा वार आजच्या कॅलेंडरच्या हिशेबानं मागे मोजत गेलात तर मंगळवार येईल, आणि १ मार्चचा काढलात तर बरोबर शुक्रवार. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ हीसुद्धा जुनीच तारीख, मुंबईहून रायगडावर आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन याच्या कॅलेंडरची. गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या भिंतीवर त्या शनिवारी १६ जून होता. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेचे कागद वाचताना पोर्तुगीज आणि मुंबईकर इंग्रज यांच्या तारखांत, १७०० उलटून गेल्यामुळे, ११ दिवसांचं अंतर धरावं लागतं.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. १७५२ पूर्वी इंग्रजांचं अधिकृत वर्ष २५ मार्चला बदलायचं. समजा सुरतेच्या वखारीतल्या एखाद्या इंग्रजी पत्रावर नुसती ‘१० फेब्रुवारी १६७३’ अशी तारीख आहे. तिथल्या कारकुनानं ते अधिकृत वर्ष धरलं असेल, तर वर्ष एकानं वाढवायचं आणि दिवस दहांनी, म्हणजे आपल्या हिशेबानं ते पत्र २० फेब्रुवारी १६७४ चं. त्याच काळातल्या गोव्याच्या पोर्तुगीज पत्रावरची तारीख मात्र आहे तशीच घ्यायची.